एकतीस नंबर

हातोदच्या रस्त्याला, आमच्या गोठ्यात
दिवाळीनंतर यंत्र आलं.
लोखंडी चौकट, एक लवचीक हात,
आणि कासेखाली सड शोधत फिरणारा
लाल उजेड,
चष्मा विसरलेल्या माणसासारखा
आधी चाचपडतो, मग सापडतं त्याला.

भाऊजी म्हणाले, आता पहाटे कुणी उठायचं नाही.
साडेतीनला मला जाग येतेच.
उशाशी फोन उजळतो :
नंबर नऊ, साडेसहा लिटर.
नंबर चौदा, मागचा डावा सड गरम, दूध वेगळं काढलं.
खरं तेच सांगते,
बावीस वर्षं ज्या हातांनी इथे कास धुतली
त्यांना हा ताप दुसऱ्या दिवशी कळायचा,
गाठ धरल्यावर.
मी यंत्राचं वाईट बोलणार नाही.

बाकीच्या आठवड्यात शिकल्या.
ढेपेच्या लोभानं रांग लावतात,
पंगत उठायच्या आधीच मागे उभं राहावं तशा.
काही हावरट दिवसातून सहादा घुसतात,
यंत्र पुढचं दार उघडून
त्यांना उपाशीच बाहेर काढतं.

फक्त गुलकंद.
पडद्यावर ती एकतीस.
आत जाते, ढेप खाते, शहाण्यासारखी उभी राहते
आणि पान्हा चोरते.
नळ्यांतून नुसती हवा, फस्स टक्, फस्स टक्,
आणि फोनवर लाल अक्षरं :
अपूर्ण. अपूर्ण. अपूर्ण.

कंपनीचा पोरगा आला, बूट जपत शेणातून चालला.
दाब वाढवला, उतरवला.
म्हणाला, विकून टाका, शंभरात तीन-चार अशा निघतातच.
भेरूलाल दाराशी उभा होता, हातात फडकं.
दर दोन तासांनी त्या लाल उजेडाची काच पुसायची,
एवढंच आता त्याचं काम.
अंगठ्याच्या पेरावर घट्टा अजून आहे,
सुपारीएवढा.
म्हणाला, "वणी से कोई बोले तो सही."

धार काढताना तो हूं-हूं करायचा.
गाणं म्हणावं तर चाल नाही,
मधेच बिडीचा खोकला,
पुन्हा हूं-हूं.
मी फोन धरला तोंडापुढे. लाजला.
रिकामी बादली गुडघ्यांत दिली
तेव्हा कुठे घसा सुटला.
दोन मिनिटं, अकरा सेकंद.
भाच्यानं ते चौकटीतल्या स्पीकरला जोडलं.

गुलकंदनं एक कान फिरवला.
हूं-हूं. काही नाही.
हूं-हूं. शेपटी थांबली.
मग तो खोकला आला,
कोरडा, दोन ठोक्यांचा,
आणि कास सैलावली,
काचेच्या नळीत पांढरं धावलं.

सात लिटर दोनशे. पूर्ण.

भाचा म्हणाला, मामी, खोकला कापून टाकतो, आवाज स्वच्छ करतो.
मी ओरडलेच त्याच्यावर.

भेरूलाल बाहेरून ऐकत होता स्वतःला,
परक्या घरात आपलं नाव निघावं
आणि आत जावं की परतावं कळू नये, तसा.
मग हसून म्हणाला,
"बाईसाब, गळा को पगार न्यारो मिलेगा कंई?"

सगळे हसले.
हिशेबाची वही माझ्याकडे असते.
यंत्राच्या हप्त्याचं पान, विजेचं पान, ढेपेचं पान.
रात्री एक कोरं पान उघडलं,
वर काय लिहावं सुचेना.
चैत्रात तो मुलीकडे सांवेरला जाणार, कायमचा.
डॉक्टरनं बिडी बंद केली आहे,
खोकला थांबेल म्हणतात.

आज साडेतीनला गोठ्यात माणूस नव्हतं
आणि कुणीतरी खोकलं.
मी उठले,
आधण ठेवलं सवयीनं,
दोन कपांचं.