वीतभर बर्फ

संकेश्वरच्या कारखान्यातनं बर्फाची एक लादी घ्यायची,
चार विती लांब.
भुसा, त्यावर ओलं पोतं, त्यावर सुतळी.
जी गाडी विकत घ्यायची तिच्यावर ती चढवायची
आणि हिडकलच्या पाण्यापर्यंत न्यायची.
पोचल्यावर उरला किती, ते मोजायचं.
ही पद्धत भारतीची.
मी आपला टायरला लाथ मारून बघणारा.

पहिली, इस्माईल मकानदारची एक्सेल.
पेट्रोल प्यायला लाजते, म्हणाला.
लादी पायाशी, जाळी मागं, थर्माकोलची पेटी जाळ्यांवर,
वल्ही आडवी, समोरनं येणाऱ्याला भोसकतील अशी.
"आणि मी?" भारती म्हणाली.
इस्माईल बघत राहिला माझ्याकडं,
मी एक्सेलकडं.
ती मागनं वडापनं आली.
बर्फ अडीच विती.

दुसरी, गडहिंग्लजची तीनचाकी.
स्वस्त. स्वस्त का, ते नाक्यावर कळलं.
नंबर एमएच नऊ, मालक तिकडचा, लादी इकडची,
कागद तिसऱ्याच्याच नावावर.
"यार गाडी री?" पोलीस विचारतो.
मी कन्नडमध्ये सांगितलं,
ते कमी पडलं म्हणून मराठीत सांगितलं,
मालकानं गडहिंग्लजला फोन लावला, तो लागला नाही.
बर्फाला दोन्ही भाषा येत नाहीत.
तो आपला गळत होता,
रस्त्याच्या अलीकडं थोडा, पलीकडं थोडा.
दीड वीत.

तिसरी गाडी नव्हतीच, दुंडाप्पाचा टिलर, मागं ट्रॉली.
"ह्याला काय बघूलास, हत्ती आहे हत्ती."
हत्ती काठापर्यंत झकास आला.
मग काठ संपला.

चैत्रात आमचं पाणी घर सोडून जातं.
मैलभर मागं सरकतं, आणि मधे गाळ ठेवतं:
वरनं साय, भेगाळलेली,
आत दही.
टिलरचं चाक सायीवर दोन हात चाललं
आणि आसापर्यंत दह्यात.
चार माणसं, एक खोरं,
आणि दुंडाप्पाच्या तोंडून आलेलं अस्सल कन्नड,
जे मी इथं लिहिणार नाही.
त्या दिवशी मोजायला बर्फच नव्हता.
पोतं होतं, थंड.

मोनाप्पाकाका जाळं विणत बसलेला.
सगळं बघून झाल्यावर बोलला,
त्याची सवयच ती.
"चाक म्हंजे टोक. टोक रुततंय.
सपाट बघा की काहीतरी."

सपाट आमच्याकडं काय होतं?
ताट. पाट. भिंतीवरचं कॅलेंडर.
भारती परसात गेली
आणि संडासाचं दार घेऊन आली,
सरकारी पत्र्याचं,
वर कन्नडमध्ये योजनेचं नाव
आणि खाली माझं, एक अक्षर चुकवून.

पुढची कड दगडानं ठोकून वर वळवली,
दोन भोकं, नायलॉनची दोरी.
ठेवली त्यावर पेटी, जाळी, उरलेला बर्फ.
आणि ते निघालं.
सुर्र करून नाही, तसं काही नाही,
ओढताना खांदे उपटून आले,
पण निघालं,
माझं चुकलेलं नाव पालथं घालून
गाळावर सपाट रेघ ओढत
पाण्यापर्यंत.

म्हणून शेवटी एक्सेल घेतली, काठापर्यंत,
आणि काठापुढं दार.
भारतीला मागं बसता यावं म्हणून
पेटी अर्धी कापली.
संडासाला सध्या पोत्याचा पडदा आहे.
पहिल्या कटल्याच्या पैशाचं काय करायचं
हे कुणी मला विचारलेलं नाही, ठरलेलं आहे.

पहाटे निघतो. इस्माईलला अजून तीन हजार देणं आहे.
पाण्याशी पोचलो की पोतं सोडायचं,
मी हात लावतो, ती हात लावते.
माझ्या वितीनं दोन,
तिच्या वितीनं अडीच.
हिशोबात आम्ही
तिचीच वीत धरतो.