आठ मिनिटं

कळंबच्या अलीकडे, मांजरेच्या काठी,
पट्टा पडून सहा दिवस झाले.
चिमणी गप्प. मळीचा वास तेवढा रेंगाळलेला.
आमचं काम रात्री अकरानंतर,
तेव्हा माणसं कमी.

बिभीषण दोरी बांधतो, लाल दिवा टांगतो,
पिवळी पाटी लावतो:
तीन पाकळ्यांचं फूल, ज्याच्या वासाला कुणी जाऊ नये.
मी मीटर घेऊन कडेकडेनं फिरतो.
अजून चार पावलं मागं घे, म्हणतो.
तो घेतो.

गव्हाणीजवळ एक टोळी अजून थांबलेली,
त्यांचा ट्रक उद्या येणार.
दोन गाड्यांच्या मध्ये लुगड्याची झोळी,
झोळीत पोर.
"काय पेटवनार हाव, सायेब?"
काही नाही, मावशी. उजेड आहे, पण दिसत नाही.
"दिसत न्हाई तर मंग कशाला?"
लोखंडाच्या आतलं बघायला.
तिनं झोळी सोडली, पोर खांद्यावर टाकलं,
जाता जाता म्हणाली,
"मानसाच्या आतलं बगायचं बी निगालं आसंल की."
ते आधीच निघालं, म्हटलं.
लोखंडाची पाळी नंतर आली.

डब्यात इरिडियम, मुगाच्या दाण्याएवढं.
डबा मात्र उचलताना खांदा निखळतो.
दिवाळीत भरून आणलं तेव्हा
एका जोडाला दोन मिनिटं पुरायची.
संक्रांतीला चार.
आता पाडवा. आठ.
चौऱ्याहत्तर दिवसांत अर्धं,
पुढच्या चौऱ्याहत्तरांत त्या अर्ध्याचं अर्धं.
इतकं वक्तशीर कुणी
मी मराठवाड्यात पाहिलं नाही,
मला धरून.

हँडल फिरवायचं. नळीतून दाणा सरकत जातो,
बॉयलरच्या पोटाला टेकतो.
मीटर तडतडतो, लाह्या फुटाव्यात तसा.
मग नुसतं थांबायचं.

छातीवरचा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो.
माझी आई आकडा विचारते
जशी तिसरीत मार्क विचारायची.
फरक एवढाच,
आता कमी पडले की पेढे.

साडेबारा. गाडीतल्या अंधारखोलीतून
मी ओली फिल्म बाहेर आणतो.
वाहेद मिस्त्री ट्यूबलाइटखाली उभे,
चहा केव्हाच गार.
एकतीस वर्षं वेल्डिंग. त्यांनी भरलेला जोड
वरून जोंधळ्याच्या कणसासारखा.
फिल्मवर तो पांढरा पट्टा,
आणि पट्ट्याच्या मधोमध
दोन बोटं लांब एक काळा दोरा.

"ये काला क्या है?"
आत भरलं नाही, चाचा. वरून कळत नाही.
"नंबर?"
सतरा.
त्यांनी बोटांवर दिवस मोजले.
"उस रोज धूल बहुत थी."
मी काहीच बोललो नाही.
फिल्मवरून थेंब गळत होते, सिमेंटवर, त्यांच्या चपलेवर.
मग ते म्हणाले, "नाही.
धूळ नव्हती. नजर."

रजिस्टरात मी लिहिलं: दुरुस्ती.
नावाला तिथं जागाच नसते,
जोडाचा नंबर तेवढा.
ह्याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.

पहाटे ग्राइंडरचा आवाज.
हेल्परला न उठवता
चाचा स्वतःच सतरा नंबर खोदत होते,
चष्म्यावर चष्मा घालून.

दुसऱ्या रात्री पुन्हा तोच जोड.
टोळीचा ट्रक निघून गेलेला,
गव्हाणीजवळ पाचट आणि तीन चुलींचे दगड.
तरी बिभीषणनं दोरी तेवढीच लांब बांधली.
चाचा दोरीबाहेर, हात मागं बांधून.
मी घड्याळ लावलं:
आठ मिनिटं,
आणि कालच्यापेक्षा दाणा एका दिवसानं म्हातारा
म्हणून वर पाच सेकंद.