सहावा आकडा

ब्रसेल्सहून आलेल्या साहेबाचं आडनाव क्लेर्क्स.
अर्थ विचारला तर म्हणाला, कारकून.
मी म्हटलं, बसा मग, ऑफिस तुमचंच आहे.
सिव्हिल लाईन्स, मे महिना,
कूलरची खस अर्धी वाळलेली,
पेपरवेट काढला की फाइल उडून राहिली होती.

कर्ज द्यायला आला की नाकारायला,
दोन दिवस कोणालाच कळेना.
आमचे बडे साहेब त्याला गोरेवाड्याची टाकी दाखवत होते,
तो टाकीकडे पाठ करून
परिशिष्ट क मागत होता.
तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.
मी शेषराव ठवकर, लेखाधिकारी, वर्ग दोन.
परिशिष्ट क माझं होतं.

नोकरी लागली तेव्हा तो लोणी मोजायचा.
गोदामंच्या गोदामं लोणी, खाणारं कोणी नाही,
आणि ह्यानं रोज सकाळी त्याचा भाव काढायचा.
खोटं वाटलं मला. त्यालाही वाटायचं म्हणे.
मग जहाजांचे कारखाने बंद करायचं टेबल मिळालं.
एका कारखान्यात त्याचा मामा वेल्डर होता.
सही दुसऱ्याची, तो म्हणाला,
मसुदा माझा.

मी चहा सांगितला.
माझ्याही एका मसुद्यात गिरणी आहे.
भोंगा थांबला त्या आठवड्यात
आमच्या गल्लीतले लोक कामावर उशिरा नव्हे,
लवकर उठू लागले होते. काऊन, कोण जाणे.
हे त्याला सांगायला इंग्रजी पुरलं नाही.

पुढं महासंचालक झाला. गाडी, दोन सचिव,
मंत्र्यांच्या मागची खुर्ची.
त्याबद्दल तो एवढंच बोलला.
पण एका थर्टीफर्स्टची दुपार त्यानं तासभर सांगितली.
अकरा देशांची नाणी एका नाण्यात बसवायची होती,
प्रत्येकाचा भाव सहा आकड्यांत.
पाचपर्यंत मंत्री बघतात, तो म्हणाला,
सहावा कोणीतरी बघावा लागतो.
बाहेर फटाके सुरू झाले तरी तो बघत होता.
चूक सापडली? मी विचारलं.
नाही. तीनदा बघितलं. नव्हतीच.

नसलेल्या चुकीची नोंद कुठल्या रजिस्टरला करतात?
छत्तीस वर्षं झाली, मला रकाना सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी तर्री-पोहे खाताना
त्याच्या डोळ्यांतून पाणी,
नाकातून पाणी, तरी प्लेट सोडेना.
हात धुऊन परिशिष्ट क घेतलं,
बोट ठेवत ठेवत शेवटच्या बेरजेपर्यंत गेला,
खिशातली पेन्सिल काढली,
काहीतरी केलं, फाइल मिटली.
तीच त्याची शेवटची फाइल होती,
हे ड्रायव्हरकडून कळलं. मला बोलला नाही.

कर्ज झालं. पाइप पडले.
परवा नवी आलेली पोरगी, मीनल काळबांडे,
ती फाइल स्कॅन करत होती.
सर, म्हणाली, बेरजेपुढं पेन्सिलनं
वेलांटी काढून ठेवली आहे कोणी,
अक्षर नाही, काही नाही. खोडू?

मी चष्मा लावून पाहिलं.
राहू दे, म्हटलं.
ते तिकडचं ‘बरोबर’ आहे.