शेपटीकडची माणसं

रात्रीचे साडेअकरा, पार्नुत अजून उजेड आहे.
जूनमध्ये इथे अंधार नुसता डोकावून जातो.
आलेख नीट दिसावा म्हणून मी खिडकीला जुना टॉवेल टांगलाय
आणि काळ्या पावावर खारवलेली मासोळी ठेवून
विसरून गेलेय.

समोर वीस प्रवासी. एकही खरा नाही.
सगळ्यांना एकाच क्षणी
बेटाकडे जाणाऱ्या शनिवारच्या फेरीबोटीवर
गाडीसकट जागा हवी.
उत्तर घेऊन परतले की लगेच पुन्हा पाठवते त्यांना,
सेकंदाला पाचशे विनंत्या, पाच मिनिटं,
आणि मोजत बसते, कोण किती वेळात आलं.

सरासरी: अडतीस मिलिसेकंद.
पापणी लवायलाही याहून जास्त लागतो.
ताव्हेत म्हणाला, झकास, उद्या हेच दाखवू.
ताव्हेतला सरासरी आवडते.
नदीतल्या गोट्यासारखी असते ती,
कुठूनही हात फिरवा, टोचत नाही.

पण माझ्या टेबलावर एक चिठ्ठी आहे,
बंदरावरच्या मारेतने फोनवर ऐकून लिहिलेली,
तिच्या तिरक्या अक्षरात:
हिल्लार, मधमाश्यावाला. ट्रेलरवर चौदा पेट्या.
गुरुवारी बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं.
पुन्हा दाबलं. मग फोन खिशात टाकला.
रात्रभर धक्क्यावर, पेट्यांवर पाणी शिंपडत.

हा हिल्लार माझ्या आलेखात कुठे आहे?

मधल्या टेकाडात नाही.
नव्वदाव्याच्या आसपास नाही, नव्व्याण्णवाव्याच्याही नाही.
पार शेपटीच्या टोकाला, दीड लाखांत वीस ठिपके,
नऊ-नऊ सेकंदांचे.
वीसच?
नऊ सेकंद सर्व्हर गप्प, आणि खोळंबा फक्त विसांचा?

मग उमगलं. काखेत कळसा.
माझे प्रवासी फार सभ्य.
पहिलं उत्तर आल्याशिवाय पुढचं विचारत नाहीत.
सर्व्हर थबकला की तेही थबकतात, टोपी हातात घेऊन,
आणि त्यांच्याबरोबर माझं मोजणंही.
त्या नऊ सेकंदांत आणखी साडेचार हजार जण आले असते,
ते आलेच नाहीत, म्हणून ताटकळलेही नाहीत.
आजाऱ्याने डोळे मिटले की वैद्यानेही मिटावेत
आणि वहीत लिहावं: आज तक्रार नाही.

घड्याळ बदललं.
विनंती निघाली तेव्हापासून नाही,
निघायला हवी होती तेव्हापासून मोजायचं.
दोन ओळींचा बदल.
पुन्हा चालवलं. पाव कडक झालेला, तरी खाल्ला.

नव्व्याण्णवावा: सहा सेकंद.

आलेख आता कुरूप आहे, मुरूम फुटल्यासारखा.
त्याच्या मुळाशी एक कुलूप,
शिल्लक जागांच्या एकाच ओळीवर लावलेलं.
ज्याने लावलं तो किल्लीसकट भलत्याच कामाला गेलेला,
बाकी सगळे दाराशी.

सकाळी ताव्हेत म्हणाला, एका रात्रीत इतकं मंद कसं झालं?
म्हटलं, झालं नाही. होतंच.
तो बराच वेळ कपातली कॉफी ढवळत राहिला.
साखर घालत नाही तो.

तरी हिल्लार यात नाहीच.
सायकलचं कुलूप काढताना हे सुचलं.
वाट पाहून जो निघून जातो
त्याचा वेळ कुठल्याच शेकड्यात बसत नाही.
सर्व्हरने त्याला उत्तर पाठवलंही असेल, सावकाश,
चोख, जागेच्या क्रमांकासकट,
खिशातल्या काळ्या काचेवर.

मारेतला फोन लावला. पेट्या पोचल्या का?
पोचल्या, म्हणाली. चौदातल्या बारा जिवंत.

अहवालात हा आकडा मी लिहिला नाही.
लिहायला हवा होता.
एकक काय लावायचं, ते ठरेना.