ब्रेकमधली हवा

आंबोलीच्या तिसऱ्या वळणावर पेडल
ओल्या स्पंजात पाय जावा तसं खाली गेलं.
शिरोड्याचा बस्त्याव मेस्त्री म्हणाला, ब्रेक ऑइल पाणी पितं,
आणि आपल्याकडची हवा म्हणजे त्याला रोजची पार्टी.

हापूसवर फवारायचा पंप घेतला, नवा, विष न लागलेला.
टाकीच्या जुन्या झाकणाला भोक, त्यात ट्यूबची व्हॉल्व्ह,
खाली रबराची चकती.
काटा पंधरावर. त्याच्या पुढे नाही.
आणि नळी?
नळी ओरोसच्या हॉस्पिटलातली, पपांच्या सलाईनची,
का कोण जाणे, पिशवीत घालून आणली होती.

लांबचं चाक आधी. मागचं डावं.
खाऱ्या वाऱ्याने निपल धरून बसलेली;
रात्रभर डिझेल पाजलं, सकाळी आठचा पाना,
तेव्हा कुठे कुरकुरत पाव फेरा सुटली.
नळीतून आधी आलं ते
चुलीवर विसरलेल्या चहासारखं,
मग बुडबुडे,
नर्स टिचकी मारून घालवायची तसले.

पडवीतून पपा: "पेडलार कोण आसा?"
कोण नाय. पंप आसा.

पाय पुरत नव्हता तेव्हापासून तिथे मी असायचे,
सीटच्या कडेवर घसरून,
आणि ते गाडीखालून: दाब! धरून ऱ्हव!
जरा लवकर सोडलं की हवा परत आत,
एक शिवी, आणि पुन्हा पहिल्यापासून.
पंपाला शिवी लागत नाही.
गप उभा राहतो, नव्या जावयासारखा.

मागचं उजवं. पुढचं डावं.
दर चाकाला दाब सोडायचा, टाकी भरायची,
पत्र्यावर थेंब सांडला की लगेच तांब्याभर पाणी.

उरलं ड्रायव्हरच्या बाजूचं.
पंपातली हवा मी सोडून दिली. फुस्स.
पपांना काखेत धरून सीटवर आणलं,
उजवा पाय उचलून आत ठेवला,
तो गोणीसारखा कलंडला.
ते पेडलकडे बघत राहिले. मग
ओठाच्या एकाच कोपऱ्यातून:
"डाव्या पायान दाबलंय तर चलात?"
ऑइलाक काय कळता, मी म्हटलं.

चाकाशी आडवी झाले. वाळू पाठीला टोचली.
दाब.
नळीत मधासारखं पिवळं, त्यात
टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा,
थांबला, निघाला.
वरून, पत्र्यातून आवाज:
"सोडू?"

धरून ऱ्हव, मी म्हटलं.
पाना फिरवायला जरा उशीरच लावला.