नेलपॉलिशची रेघ

व्र्शिचच्या घाटात पन्नास वळणं, प्रत्येकाला नंबर,
आणि वळणापुरतेच दगडी गोटे.
ओले असले की टायरचा साबण होतो.

ब्रेदानं वडिलांची गाडी आज पहिल्यांदा बाहेर काढली.
दोन सीटा, पाच गिअर, मागं त्यांची लोकरी टोपी.
आरपीएमच्या काचेवर, अठ्ठेचाळीसशेपाशी,
नेलपॉलिशची रेघ.
कारखान्याची लाल हद्द सात हजारांवर.
ही आईची, घरात सगळे म्हणायचे.
"ह्याच्या वर गेलास तर उतरून चालत जाईन."
एकदा उतरलीही होती म्हणे,
अकराव्या वळणावर, सँडल हातात घेऊन.

चौदावं वळण.
ब्रेक, त्याच पावलाच्या कडेनं ॲक्सिलरेटरला ढुशी,
तिसऱ्यातून दुसरा.
गाडीनं मान हलवली नाही, म्हणजे जमलं.
पुढं सरळ चढ. काटा रेघेला टेकला
आणि पाय आपोआप सैल पडला.
लहानपणापासूनची सवय, मागच्या फळीवर बसून लागलेली.

मग दाबला.
पाच. साडेपाच. घसा मोकळा झाला इंजिनाचा,
लांब, पातळ, ताणलेलं काहीतरी सुरू झालं.
सहा. चौसष्टशे.
क्लच. तिसरा.

काटा घसरला तो बरोब्बर रेघेवर थांबला,
आणि तिथूनच गाडी पुन्हा ओढू लागली,
जराही न कुरकुरता.

पुढच्या चढावर तिनं परत करून पाहिलं.
परत रेघेवर.

वर खिंडीत वारा फार. फोन कानाशी घट्ट धरून:
"आई, ती रेघ कुणी मारली?"
"मीच की. माझीच बाटली होती."
थोडं थांबून,
"तो म्हणाला तिथं."