लाकडी चमचा

पत्रकं वाटायला जाताना मी लाकडी चमचा नेतो.
पोर्ट ग्लासगोच्या दारांना टपालाच्या फटी आहेत,
फटींना ब्रश, ब्रशांमागे कुत्री.
चौदा सालच्या सप्टेंबरात एका टेरिअरनं
माझ्या बोटाचं मत नोंदवून घेतलं,
तेव्हापासून चमचा.
सेंगाचा आहे. लापशी ढवळायचा.
निवडणूक संपली की परत आण, म्हणते,
कोणती ते सांगत नाही.

आज दगडी जिना, तिसरा मजला,
मिसेस मॅकॉर्किंडेल. दाराला साखळी, अंगात कोट.
घरातच कोट.
मी सुरुवात करतो: बघा, समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतायत,
वारा आपला, भाव ठरतो लंडनमध्ये...
"बोटीचं काय झालं?"

दर दाराला बोट.
शाळा म्हणावं तर बोट, दवाखाना म्हणावं तर
बेटावरून दवाखान्यात यायलाही बोटच.
निघाली ना शेवटी एक, मी म्हणतो.
ती नुसती बघते.
माझी आई अशी बघायची, पगाराच्या दिवशी, वडलांकडे.

तिला सांगितलं नाही ते इथे लिहितो.
बोट पाण्यात सोडली त्या दिवशी मी धक्क्यावर होतो.
बँड होता, झेंडे होते, पोरं खांद्यावर होती,
आणि वरच्या खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या.
काळा रंग, चौकोन चौकोन.
एकतीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस मी,
काच कुठली आणि रंग कुठला
अर्ध्या मैलावरून कळतं मला.
कळलं.
टाळ्या वाजवल्या.
आपलेच दात, आपलेच ओठ.

शाखेच्या बैठकीला आता नऊ खुर्च्या.
तेव्हा सभासद व्हायला रांग होती, पार बुटांच्या दुकानापर्यंत,
चहाचं भांडं अजून त्या रांगेच्या मापाचं.
आमचा उमेदवार लॅकलन टोशॅक, वय सव्वीस,
म्हणतो आपला संदेश लोकांपर्यंत पोचत नाही.
पोचतो रे बाळा.
चमच्यानं ढकलतो मी, शेवटच्या इंचापर्यंत.
पोचतो, म्हणून तर.

मग राहतोस का, असं माझी मुलगी विचारते.
ती हिरव्यांकडे गेली, तिकडे सगळ्यांकडे सायकली आहेत.
मत बदललं असतं तर सोपं होतं, ग्रेस.
बदललं नाही. अजून हवाय मला तो देश
जो आपलं बिल आपण भरेल,
चुकला तर आपल्या हातानं चुकेल,
आणि रंगवलेल्या खिडक्यांचा जाब
कुणाला विचारायचा हे ज्याला
नकाशा न काढता कळेल.
हे पत्रकात बसत नाही.
पत्रकात लॅकलनचा फोटो बसतो, कुत्र्याबरोबर.
कुत्रा शेजाऱ्यांचा.

मतमोजणी क्रीडा संकुलात, बॅडमिंटनच्या कोर्टावर.
रात्री अडीचला गठ्ठे दिसायला लागतात
आणि कुणी आकडा सांगायच्या आत पायांना समजतं.
बाद मतपत्रिका दाखवायला अधिकारी आम्हा सगळ्यांना बोलावतो.
एकीवर शिवी. एकीवर "कुणीही नाही".
एकीवर
बोट काढलेली, निळ्या बॉलपेननं,
धुराडं, डोलकाठी, लाटासुद्धा,
आणि खिडक्या, प्रत्येक खिडकीत
एक एक माणूस.
किती वेळ लागला असेल त्या आडोशात उभं राहून.
"नामंजूर?" त्यानं विचारलं.
लेबरवाल्यानं मान हलवली, टोरीनं हलवली,
मीही हलवली. नियम तोच आहे.
पण गठ्ठ्यात जाईपर्यंत बघत राहिलो.

पहाटे घरी. सेंगा जागी.
"कितीनं?"
"एकशे सहा."
"आणि चमचा?"
चमचा हॉलमध्ये राहिला होता.
किल्ली लॅकलनकडे, आणि लॅकलन
फोन उचलत नव्हता.
तिनं काट्यानंच ढवळली लापशी.
गुठळ्या झाल्या.
दोघांनी गुपचूप खाल्ली.